कॉफीचे मळे आणि समुद्र, एका आठवड्यात : तासगावहून निघणाऱ्या सहा माणसांसाठी

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. घरची सहा माणसं : नवरा-बायको, दहावीची परीक्षा देणारी मुलगी, धाकटा भाऊ, भावजय आणि सत्तरी गाठलेली, गुडघे दुखणारी आई. गाडी घरचीच, सात सीटची अर्टिगा. हाताशी एक आठवडा. मुलीला समुद्र हवाय, ह्यांना स्वतःला कॉफीचे मळे बघायचेत. एका ट्रॅव्हलवाल्यानं म्हैसूर, उटी, कूर्ग, वायनाड, कोची आणि परतीला गोवा असा आराखडा हातात ठेवलाय. तो घ्यावा का, नाहीतर काय करावं, कधी जावं आणि ड्रायव्हर लागेल का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, मी सांगलीतून दक्षिणेच्या सहली लावतो, म्हणजे असले कागद माझ्याही टेबलावर तयार होतात. गिऱ्हाईकाला यादी लांब दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण तासगावहून कोची हजारावर किलोमीटर आहे. परतीचा हिशेब मांडा, म्हणजे सात दिवसांतले किती दिवस गाडीतच जाणार ते कळेल. वायनाड-कोझिकोड ही जोडी सुरेख आहे, कूर्गही आहे, पण ती दहा-बारा दिवसांची कामं. तुमच्या आठवड्यात नीट बसणारं कॉफीचं गाव एकच, कर्नाटकातलं चिकमगळूर. त्याच्या घाटाखालचा समुद्र म्हणजे उडुपीपासून कुमट्यापर्यंतची किनारपट्टी. एकदा घाट उतरायचा, एकदा चढून घरी यायचं. मुक्काम तीनच : तीन रात्री मळ्यात, दोन उडुपीच्या बाजूला, शेवटची होन्नावर किंवा कुमट्याला.

आता कधी जायचं. दिवाळीची सुट्टी कुणीही सुचवेल, आणि नोकरदाराला मीही तीच सुचवतो. पावसानं धुतलेले डोंगर, अरेबिका जातीच्या कॉफीची फळं लाल व्हायला लागलेली, समुद्रही शांत होत आलेला. पण बागायतदार माणूस ऑक्टोबर छाटणीनंतर बाग सोडून हलतो कुठं? गेलात तरी सगळा वेळ फोनवर ‘डाऊनी रोग दिसला का, फवारणी झाली का’ करत बसणार. तुमचा मोकळा काळ म्हणजे माल गेल्यावर वेलीला विश्रांती देता तो, एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधीचा. मुलीची परीक्षाही मार्चमध्येच संपते. ह्या दिवसांत तिकडं एक गोष्ट घडते, जी दिवाळीत जाणाऱ्याला दिसत नाही. कॉफी फुलते.

मार्च-एप्रिलमध्ये तिकडं वळवाचे एक-दोन पाऊस होतात. मळेवाले त्याला ब्लॉसम शॉवर म्हणतात. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांनी सगळा मळा एकदम पांढरा होतो. वास जाई-मोगऱ्याच्या जातीचा, सकाळी अंगावर येईल इतका. हे सगळं दोन-तीन दिवस टिकतं, मग फुलं तपकिरी होऊन गळतात. त्यामुळे तारीख कॅलेंडरवरून काढू नका. खोली ठरवताना मालकाला लागोपाठचे दोन आठवडे द्या आणि सांगून ठेवा की दोन्ही आम्हाला चालतात, पाऊस झाला की कळवा. त्याचा फोन आल्यावर दिवस मोजून त्यातला एक आठवडा धरायचा. पाऊस झालाच नाही, तर रोबस्टा ह्या दुसऱ्या जातीचे मळे बघा. ज्यांच्याकडं पाण्याची सोय आहे ते स्प्रिंकलर लावून फुलोरा आणतात. गुढीपाडव्याचा आठवडा मात्र टाळा. तिकडं त्याच दिवशी युगादी असते आणि सगळं भरलेलं असतं. मे महिन्याच्या वाटेला जाऊ नका. किनाऱ्यावर घामाच्या धारा, मळ्यात नुसती हिरवी बारीक फळं.

निघायचं रविवारी. ह्यावर मी हटून बसतो. चिकमगळूर हे बंगळूरकरांचं शनिवार-रविवारचं अंगण आहे. शुक्रवारी रात्रीपासून त्यांच्या गाड्या चढतात, रविवारी दुपारी उतरतात. तुम्ही रविवारी संध्याकाळी पोचलात की रस्ते तुमचे, आणि खोलीच्या दरातही बोलता येतं. गोकर्णला ह्याच गर्दीचा शुक्रवार येतो, म्हणून शेवटची रात्र मी तिथं न ठेवता अलीकडं होन्नावरला ठेवली. शनिवारी घरी.

पहाटे चारला गाडी काढा. सांगली, जयसिंगपूर, कागल आणि मग महामार्ग. नाश्ता बेळगाव किंवा धारवाडला, जेवण दावणगिरीत. तिथला बेण्णे डोसा, म्हणजे लोण्याचा डोसा, चुकवू नका. पण दुपार उलटली तर अनेक ठिकाणी संपलेला असतो. दावणगिरीनंतर महामार्ग सोडून चन्नगिरीकडं वळायचं. इथून पुढं सुपारीच्या बागा सुरू होतात आणि हावेरीपासून डोक्यावर बसलेलं ऊन जरा उतरतं. बिरूर, कडूर करत संध्याकाळी चिकमगळूर. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, दिवस लांब जाणार. आईंना मधल्या रांगेत डाव्या बाजूला बसवा, तिथून चढ-उतार सोपा. मागची रांग सहाव्या माणसापुरती, उरलेली सीट पाडून सामान. सहा जणांच्या सहा मोठ्या बॅगा अर्टिगात मावत नाहीत, मऊ बॅगा घ्या.

राहायचं हॉटेलात नाही, मळ्यातल्या घरी. पण ‘प्लांटेशन स्टे’ अशी पाटी सगळेच लावतात. रस्त्याकडेला चार खोल्या आणि मागं कॉफीची दहा झाडं, हेही त्यात येतं. फोनवर आधी हे विचारा : मळा स्वतःचा आहे का, तोडणी आणि वाळवणी तिथंच होते का? शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चे असतील तर भरलेली अर्टिगा खाली घासेल का? खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का? दर माणशी सांगतात, त्यात जेवण किती वेळचं? आणि शाकाहारी असाल तर आधीच बजावा, कारण मलनाडात, म्हणजे ह्या डोंगरी पट्ट्यात, डुकराचं मटण आवडीनं खातात. जेवणात अक्की रोटी, कडुबू, नीर डोसा असे तांदळाचे पदार्थ मिळतील. तिसऱ्या दिवशी आई भाकरीची आठवण काढतील. शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, भागून जातं.

सोमवारी कुठंही जाऊ नका. सकाळी मालकाबरोबर मळा फिरा. तुमच्यासाठी ह्या सहलीतला खरा दिवस हाच. पर्यटकाला मळा म्हणजे फोटोची हिरवी भिंत. तुम्हाला त्यात बाग दिसेल. झाड वाढू दिलं तर डोक्यावर जाईल, पण शेंडा मारून छातीएवढंच ठेवतात, तोडायला हात पोचावा म्हणून. वर सावलीची झाडं : फणस, जंगली झाडं, आणि पाचगणीत दिसतो तोच उंच सरळ सिल्व्हर ओक. त्याच्या खोडावर मिरीचा वेल चढवलेला. सावली दरवर्षी छाटून मोजून-मापून ठेवतात. फार झाली तर फूल कमी, कमी झाली तर अरेबिकाच्या खोडात पांढरी अळी शिरते. अरेबिका उंचावर, नाजूक, चवीला हलकी. रोबस्टा खालच्या अंगाला, राकट आणि कडक.

आणि पानाच्या पाठीवर नारिंगी पूड दिसली तर मालकाला विचारा. तो तांबेरा. त्यावर काय मारतात ऐकून भाऊ हसेल : बोर्डो. मोरचूद आणि चुना, अर्धा टक्का, एक फवारणी पावसाच्या आधी आणि एक नंतर. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या डाऊनीसाठी निघालेलं मिश्रण, इथं कॉफीवर चालतं. एवढा विषय निघाला की मालक तुम्हाला पाहुणा समजायचं सोडतो. मग मजुरीचे दर, ५० किलोच्या पोत्याचा भाव, हत्तींचा त्रास, सगळं निघतं. हत्ती खरेच आहेत, विशेषतः मुडिगेरे आणि सकलेशपूरच्या बाजूला. पहाटे किंवा तिन्हीसांजेला मालकाला न सांगता मळ्यात शिरू नका.

वाळवणीचं अंगण बघा. मार्चअखेरीला रोबस्टाचा शेवटचा माल असेल तर सापडेल. लाल फळं सालीसकट उन्हात पसरून वाळवली की ‘चेरी’. साल काढून, धुऊन वाळवली की ‘पार्चमेंट’. तुमच्या बेदाण्याच्या शेडसारखाच हा हिशेब आहे, फक्त तुमचा माल सावलीत जाळीवर वाळतो, त्यांचा फरशीवर उन्हात, आणि तासातासाला फावड्यानं हलवावा लागतो. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. इथं पाच-सहा किलो ओल्या फळांची किलोभर कॉफी.

पावडर घ्यायची तर शहरातल्या दळून देणाऱ्या दुकानातून घ्या, डोळ्यांसमोर. अरेबिका-रोबस्टा किती-किती आणि चिकोरी किती, हे दोन प्रश्न विचारा. चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत घालायला कायद्यानं मोकळीक आहे, त्यामुळे ‘कॉफी पावडर’ म्हणून घेतलेलं निम्मं दुसरंच असू शकतं. फिल्टरची कॉफी घरी करणार असाल तर ८०-२० पासून सुरुवात करा, नुसती कॉफी आपल्या जिभेला आधी पातळ लागते. महिनाभराचीच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास फार दिवस राहत नाही.

मंगळवारी दोन पर्याय आहेत, आणि दोन्ही करायची हाव धरू नका. मुलीला डोंगर हवा असेल तर मुळ्ळय्यनगिरी, १९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. गाड्यांची गर्दी आवरण्यासाठी आता आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती केल्याशिवाय निघू नका. शेवटच्या पायऱ्या आईंच्या गुडघ्यांच्या नाहीत. शेजारच्याच बाबाबुडनगिरीवर दत्तपीठ आहे, औदुंबर-नरसोबावाडीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला ते ठाऊक असतं. सतराव्या शतकात बाबा बुडन ह्या सूफी संतानं येमेनमधल्या मोखाहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि ह्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरा सांगतात. दत्तजयंतीच्या दिवसांत तिथं बंदोबस्त असतो, मार्चमध्ये निवांत.

दुसरा पर्याय बेलूर-हळेबीड, आणि आई बरोबर असल्यामुळे माझं मत ह्याला. चिकमगळूरहून बेलूर पाऊण तासावर, सपाट रस्ता. होयसळ राजा विष्णुवर्धनानं १११७ मध्ये बांधलेलं चेन्नकेशवाचं मंदिर, २०२३ पासून हळेबीड आणि सोमनाथपूरसह युनेस्कोच्या यादीत. दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होतो, म्हणून बोटातली अंगठी फिरवता येईल इतकं बारीक काम त्यात जमलं. आपल्या काळ्या पाषाणात हे कुणाच्या बापाला जमलं नसतं. सरकारी गाईड घ्या, त्याशिवाय सगळ्या मूर्ती सारख्याच दिसतात. सकाळी लवकर जा, आणि सगळ्यांचे जाड मोजे घेऊन जा. अनवाणी चालायचं असतं आणि अकरानंतर फरशी तव्यासारखी तापते.

बुधवारी घाट उतरायचा. चारमाडी, आगुंबे, शिराडी अशी नावं ऐकाल. आगुंब्याची वळणं फार आवळलेली आहेत, ज्याला गाडी लागते त्याला तिथं हमखास लागणार. मी बाळेहोन्नूर, शृंगेरी, एस. के. बॉर्डर (जुन्या साउथ कॅनरा जिल्ह्याची हद्द), कार्कळ असा रस्ता देतो. बाळेहोन्नूरला १९२५ पासूनचं कॉफी संशोधन केंद्र आहे. आणि आपल्याकडच्या लिंगायत मंडळींना ते गाव रंभापुरी पीठामुळे माहीत असतं. शृंगेरीला अकराच्या आत पोचा, दुपारी दर्शन बंद असतं. तुंगा नदीच्या घाटावरचे मासे बघून मुलगी तासभर हलणार नाही. प्रसादाचं जेवण तिथंच करा. पुढचा रस्ता कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानातून जातो. चेकपोस्टवर नोंद होते, आत गाडी थांबवून डबा उघडायला मनाई आहे, आणि अंधारात तिथं शिरायचं नाही. ह्या टप्प्यावर फोनला रेंज नसते, मुक्कामाच्या माणसाला आधीच कळवून ठेवा.

घाटाखाली कार्कळला १४३२ मध्ये उभारलेला बाहुबली आहे, ४२ फुटांचा. अठरा-वीस किलोमीटरवर मूडबिद्री, हजार खांबांची बसदी, म्हणजे जैन मंदिर. कुंभोजच्या बाहुबलीला जाणारी आपल्याकडची जैन कुटुंबं ह्या दोन गावांसाठी वेगळी सहल काढतात. कार्कळ तर तुमच्या वाटेवरच आहे, तासभर द्या.

किनाऱ्यावर दोन रात्री मलपे किंवा कापूला काढा, उडुपी शहरात नको. कृष्णमठात नऊ भोकांच्या चांदीच्या खिडकीतून दर्शन होतं. पुरुषांना शर्ट काढावा लागतो. कापूचं दीपगृह १९०१ चं, संध्याकाळी वर जाता येतं. मासे खात असाल तर तिकडची नावं शिकून घ्या : अंजल म्हणजे सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडा, बूताई म्हणजे तारली, काणे म्हणजे नगली. पुळीमुंची मागितलीत की आंबट-तिखट रस्सा येतो, सांगलीच्या जिभेला पटणारा. आणि मुलीला गडबड नावाचं आइस्क्रीम द्या, ते ह्याच पट्ट्यातलं.

गुरुवारी मलप्याहून सेंट मेरी बेटावर बोट जाते. पहिली बोट धरा, बेटावर सावली नावालाच आहे. तिथले षट्कोनी खांबांचे खडक बघून तुम्ही म्हणाल, असे तर आमच्या पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही आहेत. पण हा लाव्हा वेगळा आणि आपल्या दख्खनच्या दगडापेक्षा बराच जुना, सुमारे नऊ कोटी वर्षांचा. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले त्या काळचा. पावसाळ्यात ही बोट बंद असते.

समुद्राबद्दल एक गोष्ट नीट ऐका. कृष्णेत पोहणारा माणूस समुद्रात जास्त निर्धास्त असतो आणि तोच फसतो. नदीची ओढ एका दिशेची असते. समुद्रात लाट तुम्हाला किनाऱ्याकडं ढकलते आणि मधल्याच एखाद्या पट्ट्यातून पाणी जोरानं आत ओढलं जातं. तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा फुटत नाहीत, म्हणून लोक नेमके तिथं उतरतात. ओढले गेलात तर किनाऱ्याकडं पोहायची झटापट करू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. जीवरक्षक आणि झेंडे असतील तिथंच उतरायचं, गुडघाभर पाण्यात, आणि मुलीबरोबर एक मोठं माणूस पाण्यातच उभं हवं. काठावर मोबाईल घेऊन नव्हे.

शुक्रवारी निवांत उत्तरेकडं सरका. कुंदापूरच्या पुढं मरवंत्याला महामार्गाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, थांबायलाच हवं. मुरुडेश्वरची शंकराची १२३ फुटी मूर्ती गाडीतूनच दिसायला लागते. गोपुराला लिफ्ट आहे, आई वर जाऊ शकतील. संध्याकाळी होन्नावरला शरावतीच्या खाडीत होडी. ह्या बाजूला कोकणी बोलणारे खूप, आपलं मराठी बरंचसं कळतं त्यांना. शनिवारी अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, हुबळी, बेळगाव. साडेचारशे किलोमीटरच्या पुढं-मागं, सकाळी सातला निघालात तर दिवेलागणीला सांगलीत. अंकोल्याच्या अलीकडं शिरूरला जुलै २०२४ मध्ये महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली. पावसाळ्यात ही सहल मी कुणालाच लावत नाही, त्याला हेच कारण.

कुणाला गाडी चालवायचीच नसेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं कडूरला उतरता येतं, फक्त ते रात्रीच्या मधल्या प्रहरी येतं, टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते. परत येताना कोकण रेल्वेनं मडगाव आणि तिथून गोवा एक्सप्रेस. ती दूधसागरच्या घाटानं मिरज-सांगलीला येते आणि पुढं साताऱ्यालाही थांबते. दोघा-तिघांना हे स्वस्त पडतं, सहा जणांना नाही.

ड्रायव्हरचं म्हणाल, तर भाऊ आणि तुम्ही दोघं चालवणारे असाल तर गरज नाही. एकटेच असाल तर फक्त जायच्या रविवारसाठी आणि यायच्या शनिवारसाठी माणूस मिळत नाही, पूर्ण आठवडाच घ्यावा लागतो, आणि मग अर्टिगात सातवा जीव बसवून सामान टपावर जातं. तसं झालं तर मोठी गाडी भाड्यानं घेणंच बरं. निघायच्या आठ दिवस आधी ब्रेक पॅड आणि कूलंट तपासून घ्या, फास्टॅगमध्ये भरपूर पैसे टाका, पीयूसीची तारीख बघा. कर्नाटकात शिरताना कोगनोळीला आधी टोल आणि मग कधीकधी कागदपत्रं, दोन्हीसाठी थांबावं लागतं.